वर्गसमीकरणात मधल्या पदाची फोड पटकन कशी शोधायची?

६क्ष² − क्ष − १५ = ० यात मधल्या पदाची फोड सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. दोन संख्यांचा गुणाकार ६ × (−१५) = −९० आणि बेरीज −१ हवी, म्हणून बहुतेक मुलं ९० चे अवयव एकेक करून मांडत बसतात. त्याआधी विवेचक काढा (अ, ब हे क्ष² आणि क्ष यांचे सहगुणक, क हे स्थिर पद).

ब² − ४अक = १ + ३६० = ३६१

हा १९ चा वर्ग. सहगुणक पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग आला की अवयव पडणारच. शिवाय हे १९ म्हणजेच तुम्हाला हव्या असलेल्या दोन संख्यांमधला फरक! बेरीज −१, फरक १९; म्हणून (−१ + १९) ÷ २ = ९ आणि (−१ − १९) ÷ २ = −१०. चाचपडायचं कारणच उरत नाही.

६क्ष² + ९क्ष − १०क्ष − १५ = ०
३क्ष(२क्ष + ३) − ५(२क्ष + ३) = ०

दुसऱ्या जोडीतून −५ कॉमन काढलं की −१५ चं आत +३ होतं. नेमकं इथेच चिन्ह चुकतं. कंस सारखे आले नाहीत तर फोड बदलू नका, आधी हे चिन्ह पाहा. मुळे −३/२ आणि ५/३. ताळा: बेरीज १/६, म्हणजे −ब/अ.

विवेचक ऋण आला तर वास्तव मुळे नाहीत, दहावीपुरतं तिथेच थांबा. धन आहे पण पूर्ण वर्ग नाही, तर सरळ सूत्र वापरा: क्ष = (−ब ± √विवेचक)/२अ. पूर्ण वर्ग पद्धतच मागितली असेल, तर अ ने भागून अपूर्णांकांत शिरण्यापेक्षा श्रीधराचार्यांची रीत मला केव्हाही सरस वाटते (भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणिता’त दिली आहे): दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा, मग ब² मिळवा. २क्ष² + ५क्ष = ४ याला ८ ने गुणून २५ मिळवले की

१६क्ष² + ४०क्ष + २५ = ५७
(४क्ष + ५)² = ५७

म्हणून क्ष = (−५ ± √५७)/४. सूत्रात टाकतानाही छेद २अ संपूर्ण अंशाखाली लिहा, नुसत्या वर्गमुळाखाली नको.

आणखी एक. (क्ष − २)(क्ष − ३) = ६ दिसलं की काहीजण प्रत्येक कंस ६ बरोबर मांडतात. उजवीकडे शून्य असल्याशिवाय हे चालत नाही. कंस सोडवा: क्ष² = ५क्ष. आता क्ष ने भागलंत तर फक्त ५ हाती लागेल आणि ० हे मूळ हरवेल; सगळं डावीकडे घ्या, क्ष(क्ष − ५) = ०.