कॅमेरा नंतर, आधी कोयंडा बघा

गणपतीला पहिल्यांदाच आठ दिवस फ्लॅट बंद राहणार, म्हणून कॅमेरा कुठला घ्यावा विचारताय. ते परत आल्यावर बोलू. आधी दार बघा. कोयंडा चार बारीक स्क्रूंवर असेल तर कुलूप कितीही भारी असो, पहारीच्या एका हिसक्यात उखडतो. आमच्या मजल्यावर तसंच झालं. कुलूप शाबूत, कोयंड्यासकट लोंबत होतं! सुताराकडून आरपार बोल्ट मारून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- किल्ली कुंडीखाली किंवा चपलांच्या कपाटात
- दूध-पेपर चालूच
- एसटीत बसल्या बसल्या स्टेटस (फोटो परतल्यावर टाका की!)

दागिने लॉकरला. शेजारच्या काकूंना तारखा सांगून ठेवा. परतल्यावर दार उघडं दिसलं तर आत शिरू नका, खाली येऊन 112 लावा.