दोन आरव्हींच्या मधली जागा रिकामी नसते

यावेळी पत्र आलंय कॅलिफोर्नियातून, फ्रीमाँटहून. मुलगी आपल्या नागपूरच्या धरमपेठची, सासर वर्ध्याचं, तिकडे जाऊन आता बरीच वर्षं झालीत. जूनमध्ये ही आणि हिच्या दिराचं कुटुंब अशी दोन घरं मिळून भाड्याची आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, आणि एक टेंट घेऊन डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडला गेले, सोबत नागपूरहून आलेल्या सासूबाई. पत्रात प्रश्न चार-पाच आहेत पण मला त्यातला एकच झोपू देत नाहीये, म्हणून आधी तोच घेते.

ती लिहिते, "काकू, आमच्या आणि शेजारच्या आरव्हीच्या मधे चांगली मोकळी जागा होती, तिथून बाथरूम अगदी जवळ पडायचं, रोडने गेलं तर पूर्ण चक्कर मारावी लागायची. मुलं तिथूनच जायची-यायची. शेजारचे आजोबा दोन दिवस काही बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम ओरडले, यूझ द रोड, धिस इज अवर साइट! लहाना तर रडायलाच लागला. हे सगळ्यांसमोर म्हणाले की आपण गोरे असतो तर ओरडला असता का हा. तेव्हापासून माझं मनच उडालंय. सप्टेंबरचं बुकिंग कॅन्सल करून टाकू का?"

अगं बाई, लेकरू रडलं याचं मलाही वाईट वाटलं, सुट्टीला गेल्यावर असं कोणी अंगावर आलं की दिवसभर तोंडाची चव जाते, आणि परक्या देशात तर ते दुप्पट लागतं, हे तुला मला सांगायची गरज नाही. पण तुझंच वाक्य परत वाच. "दोन दिवस काही बोलले नाही." म्हणजे दोन दिवस त्या माणसाने सहन केलं ना? चार मुलं, सकाळी दात घासायला, मग आंघोळीला, मग हात धुवायला, रात्री टॉर्च घेऊन परत एकदा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या खुर्चीसमोरून. तो तिसऱ्या दिवशी ओरडला ते तुला "एकदम" वाटलं, त्याच्यासाठी ते एकदम नव्हतं.

आता ती "मोकळी जागा" कोणाची होती ते सांगते, कारण इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो. अमेरिकेतल्या आरव्हीचं पाण्याचं, विजेचं आणि सांडपाण्याचं कनेक्शन बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूला असतं, आणि चढायचं दार, ते बाहेर उघडणारं कापडी छत म्हणजे ऑनिंग, हे सगळं दुसऱ्या बाजूला. आरव्ही एका ओळीत लागल्या की तुझ्या पाइपांची बाजू ही शेजाऱ्याच्या दाराच्या समोर येते. तुला तुझ्या खिडकीतून दिसते ती मागची पडीक जागा, तिथे तुझं काहीच नाही, म्हणून ती कोणाचीच नाही असं वाटतं. पण तीच जागा त्या आजोबांचं अंगण आहे. त्यांचं टेबल तिथे, चुलीची लोखंडी रिंग तिथे, सकाळची कॉफी तिथे, आजीबाई रात्रीच्या कपड्यांत बाहेर येऊन बसणार त्याही तिथेच. पैसे त्यांनी आरव्ही उभी करायच्या खडीचे नाही भरले, त्या अंगणाचे भरले.

आणि हे आपल्याला काहून कळत नाही तेही मला माहीत आहे. आपण नागपूरची माणसं, इथे ले-आउटमध्ये प्लॉट घेतला की घर दहा वर्षांनी बांधू पण कंपाउंड वॉल आधी घालतो, नाहीतर कोणीतरी अतिक्रमण करेल ही भीती. त्यामुळे डोळ्याला सवय अशी लागलीय की भिंत आहे तर कोणाचं तरी आहे, भिंत नाही तर सगळ्यांचं. माझ्या सासऱ्यांचा प्रतापनगरला कॉर्नरचा प्लॉट होता, घर बांधलं पण एका बाजूची भिंत पैशाअभावी राहिली होती, तर बस स्टॉपवर जाणारे लोक कोपरा वाचवायला सरळ आमच्या आवारातून जाऊन राहिले, सायकलीसुद्धा. सासरे शाळामास्तर, आवाज कधी चढला नाही त्यांचा. पण सासूबाईंनी टाकलेल्या पापडांवरून एक पोरगा चालत गेला तेव्हा ते असे ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्या पोराला वाटलं असेल की म्हातारा खडूस आहे. त्याच्या आधी किती जण गेले आणि किती वेळा सासरे नुसते बघत बसले हे त्याला कुठून माहीत असणार.

कॅम्पग्राउंडमध्ये भिंत नसतेच, मग हद्द ओळखायची कशी, तर रोडच्या कडेला साइट नंबरचा खांब असतो, गाडी लावायची खडीची किंवा डांबराची पट्टी असते, टेबल आणि चुलीची रिंग असते. या सगळ्याला मिळून एक साइट. जिथे तुमचं टेबल आणि रिंग आहे ती तुमची बाजू, शेजाऱ्याचं टेबल ज्या बाजूला आहे ती त्याची, अगदी तुमच्या पाइपांपर्यंत. तुमच्या मागच्या बाजूला पाइप लावायला, व्हॉल्व्ह उघडायला जावं लागतं, ते जा, काम करा आणि परत या. तिथे खुर्च्या मांडायच्या नाही, क्रिकेट खेळायचं नाही, ओले टॉवेल वाळत घालायचे नाही. मधे झाडी असली तरी तेच, उलट झाडीतून रोज पाय पडले की तिथे पायवाट होते, गवत मरतं आणि पुढच्या दहा कुटुंबांना तो रस्ताच वाटतो.

दुसरं म्हणजे मुलांच्या जिवाचाही प्रश्न आहे ना. त्या मधल्या पट्टीत विजेची जाड केबल पडलेली असते, सांडपाण्याचा होज असतो, गाडी स्थिर राहावी म्हणून लावलेले जॅक असतात, ऑनिंगच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. अंधारात पळणाऱ्या लेकराचा पाय त्या होजमध्ये अडकला आणि होज निघाला तर काय होईल याचा विचार कर. शेजाऱ्याचा कुत्रा बांधलेला असेल तर तोही आपल्या जागेत आलेल्या परक्या पोराकडे कसा बघेल सांगता येत नाही. नॅशनल पार्कमध्ये कुत्र्याला सहा फुटांपेक्षा लांब पट्टा चालत नाही, पण त्याचे सहा फूट त्याच्याच साइटमध्ये असतात, तुम्हीच तिथे गेलात तर नियम काय कामाचा?

माझी लेक कोलोरॅडोला असते, त्यांचा स्वतःचा छोटा ट्रेलर आहे, मी तिकडे गेले की सोबत नेतात. तिच्याकडे एक गोष्ट मी बघितली आणि तेव्हापासून ज्याला-त्याला सांगून राहिले. पोचल्या-पोचल्या जावई लेव्हलिंग म्हणजे ट्रेलर सपाट उभा करत बसतात आणि ती मुलांना घेऊन रोडने बाथरूमपर्यंत चालत जाऊन येते, स्टोव्हसुद्धा नंतर पेटतो. वाटेत दाखवते, हा आपला खांब, हा त्यांचा, इथून वळायचं, रात्रीसुद्धा इथूनच. एकदा पायाला रस्ता लागला की मुलं शॉर्टकट शोधत नाही. आणि तिकडचा एक शेजारी काही मागायला आला तर तो रोडच्या कडेलाच, साइटच्या तोंडाशी उभा राहून हॅलो म्हणाला आणि थांबला. ही "या ना" म्हणाली तेव्हा आत आला. ना भिंत, ना फाटक, ना बेल, तरी थांबला. आपल्याकडे नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतसुद्धा बाहेरचा माणूस दिंडी दरवाजातून आवाज दिल्याशिवाय आत येत नसे, म्हणजे ही पद्धत आपल्याला नवीन नाही.

आता तुझ्या मिस्टरांचं. गोरे असतो तर ओरडला असता का, हा प्रश्न खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या भावाला तिकडे एका ठिकाणी असं काही ऐकावं लागलंय की ते मी इथे लिहूही शकत नाही. म्हणूनच सांगते, तो आरोप जपून वापरावा. तू लिहिलेलं वाक्य बघ, "यूझ द रोड, धिस इज अवर साइट", यात तुमच्या रंगाबद्दल, देशाबद्दल, बोलण्याबद्दल एक शब्द नाही. त्याने सांगितलं ते बरोबर होतं, सांगायची पद्धत वाईट होती, लहान मुलांवर ओरडायला नको होतं, मोठ्यांशी येऊन बोलायला हवं होतं. पण वडिलांनी मुलांसमोर तसं म्हटलं की मुलं काय शिकली? की आपलं चुकलं हे बघायचीसुद्धा गरज नाही, समोरचाच वाईट. पुढे कधी खरोखर कोणी रंगावरून बोललं तर त्यांना त्यातला फरक कसा कळणार? तसं झालं तर तिथे वाद घालत बसू नका, कॅम्पग्राउंडची देखरेख करणारा कॅम्प होस्ट असतो त्याच्याकडे जा, पुष्कळ कॅम्पग्राउंडमध्ये तो तिथेच आपल्या आरव्हीत राहतो, नाहीतर रेंजरला सांगा. पण यावेळी मिस्टरांना म्हणावं की मुलांना जवळ घेऊन बसा आणि सांगा, आपण त्यांच्या जागेतून जात होतो, ते चुकलं, ओरडले ते आवडलं नाही तरी म्हणणं खरं होतं. हे बापानेच सांगायला हवं, तू सांगून भागणार नाही.

पुढच्या वेळी असं कोणी बोललंच तर लगेच संत्रा बर्फीचा डबा घेऊन धावायचं नाही. आपल्याला वाटतं खाऊ दिला की मिटलं, पण रागावलेल्या माणसाला तो अजून एक पाय आत टाकल्यासारखा वाटतो, आणि तिकडे सुकामेव्याची ॲलर्जी असलेलेही पुष्कळ. रोडच्या कडेला उभं राहून सॉरी म्हणायचं, मुलांना सांगितलंय, आता नाही होणार, आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी त्याने हात हलवला तर मग बर्फी काढ.

बाकीचे प्रश्न. जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो, तर प्रत्येक ठिकाणची वेळ वेगळी, बोर्डावर लिहिलेली असते. तुमच्या कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये फक्त सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७, आणि नॅशनल पार्कमध्ये ५० फुटांवर आवाज ६० डेसिबलच्या वर गेलेला चालत नाही. स्वस्तातला उघडा जनरेटर आणू नकोस.

"आई पहाटे पाचला मोबाइलवर स्तोत्रं लावतात, त्यांना कसं सांगू?" इयरफोन दे आणि सांग. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ साधारण सगळीकडे असते, योसेमिटीत हीच आहे. सासूबाईंना वाईट वाटणार नाही, त्या स्वतः म्हणतील की लोकांची झोपमोड कशाला.

भांड्यांचं पाणी झाडाला घालू का, तर नाही. आरव्हीचं सांडपाणी नेमलेल्या जागेशिवाय सोडायला नॅशनल पार्कमध्ये मनाई आहे, साबण आणि खरकटं मातीत गेलं की प्राणी येतात, सांडपाण्यासाठी नेमलेल्या जागी, म्हणजे डंप स्टेशनवरच रिकामं कर. फोडणी घाल बिनधास्त, पण अस्वलांच्या भागात असशील तर जेवण झाल्या-झाल्या कढई धुऊन आत, बाहेर मसाल्याचा डबासुद्धा ठेवायचा नाही. आणि माणसं मोजून ने. योसेमिटीत एका साइटवर मुलं धरून सहा जण चालतात, तुम्ही तर दोन कुटुंबं आणि आजी, तेव्हा दोन साइट्स घ्या, शक्यतो लागून.

सप्टेंबरचं बुकिंग कॅन्सल करू नकोस. ज्या कॅम्पग्राउंडला मुलं रडली तिथेच परत न्या, नाहीतर त्यांच्या डोक्यात ती जागा तशीच राहील. फक्त उजेड असताना पोचा, दुपारी चार-साडेचारपर्यंत, म्हणजे तू सामान लावेपर्यंत मिस्टरांना चारही मुलांना घेऊन रोडने बाथरूमची चक्कर मारून येता येईल.