पुरे म्हणजे किती?

"मॅडम, देवाच्या दयेने सगळं आहे, पण पैशाची धास्ती काही जात नाही." मी समुपदेशन करते, आणि हे वाक्य माझ्याकडे इतक्यांदा येतं की पुढचं मीच सांगू शकेन. बोलणारे गरीब नसतात. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली. तरी रात्री मोबाइलवर एफडीची बेरीज चालू असते, आणि कामवाल्या मावशींनी ३०० रुपये वाढवून मागितले की घरात रण पेटतं.

त्यातल्याच एकांची हकिगत सांगते, ओळखीचे तपशील बदलून. डोंबिवलीचे गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, खासगी कंपनीत अकाउंट्स बघणारे. पत्नीने त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. चार वर्षांत तीन मिक्सर झाले, ही तिची तक्रार. प्रत्येक १,९०० रुपयांचा, सेलमधला, आणि बिघडला की सुटे भाग कुठेच न मिळणारा. बेरीज मी त्यांनाच करायला लावली. ५,७००. तेवढ्यात चांगल्या मोटरचा, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे कपलर आणि कार्बन ब्रश सहज मिळेल असा एक मिक्सर आला असता.

"पटतंय हो," ते म्हणाले, "पण एकरकमी पाच-सहा हजार जाणार म्हटलं की पोटात गोळा येतो."

इथे बहुतेक सल्लागार हिशेब शिकवायला बसतात. या माणसाला हिशेब माझ्याहून चांगला येत होता! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा पहिल्यापासून भर आहे. गोळा खर्चाने येत नाही, खर्चाबद्दल मनात ठाण मांडून बसलेल्या समजुतीने येतो, असं मी मानते. म्हणून विचारलं, "किती साठले म्हणजे पुरे?"

"आधी ३० लाख म्हणायचो. ते झाले. मग ५० म्हटलं. आता वाटतं, एक कोटी तरी हवेत."

"आणि एक कोटी झाले की?"

ते हसले, उत्तर दिलं नाही.

पुढच्या भेटींमध्ये लालबाग आलं. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतले जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडिलांची नोकरी परत आली नाही. हे तेव्हा आठ वर्षांचे. आईने पितळेची भांडी मोडीत घातली. आधी घागर, मग परात, शेवटी पाण्याचा हंडा.

"पैसा गेला की सगळं संपतं, हे तिथे शिकलात?"

"संपतंच ना, मॅडम."

"तुमचं तर संपलं नाही. कशामुळे?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. या धंद्यात गप्प बसणं हे निम्मं कौशल्य आहे. मग म्हणाले, "खालचा वाणी. वहीत लिहून ठेवायचा, तगादा कधी लावला नाही. आणि शेजारच्या मावशी. त्यांची खानावळ होती, रात्रीच्या चपात्या आमच्याकडे यायच्या." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "मला भांडी रोज आठवतात. वाणी कधी आठवत नाही."

हे मी त्यांना सुचवलं नव्हतं, आणि म्हणूनच ते टिकलं. वाईट काळात माणसाला पैशाइतकंच माणसांनी तारलेलं असतं, पण भीती फक्त पैशाची बाजू जपून ठेवते. मग आपण एफडी वाढवत जातो आणि कामवाल्या मावशींचे ३०० रुपये नाकारतो.

त्यानंतर कागद घेतला. घरखर्च महिन्याला ४५,०००. तसा संप आज झाला आणि पगार १८ महिने थांबला तर लागतील ८ लाख १० हजार. ते बाजूला काढले आणि दोन बँकांत ठेवले, कारण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच विमा असतो. निवृत्तीचा आणि आजारपणाचा हिशेब वेगळा. तो सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडून करून घ्या, माझ्याकडून नको. पण भीतीला एक ठरलेला आकडा लागतो, नाहीतर ती सगळ्याच पैशांवर हक्क सांगते.

वस्तू घेताना मी एवढंच विचारायला सांगते: हिचा सुटा भाग जवळपास मिळतो का, आणि ही किती वर्षं रोज वापरणार? रोजच्या वस्तूवर खर्च करा, मिरवायच्या वस्तूवर हात आखडा. मावशींची वाढ त्यांनी मागायच्या आधी द्या, म्हणजे ती उपकारासारखी वाटत नाही. झोपच उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर मात्र वाट बघू नका; १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोला.

शिल्लक किती आहे हे पत्नीला सांगा, असंही मी त्यांना सुचवलं. तोवर तिला आकडा ठाऊकच नव्हता. त्यांनी माझ्यासमोरच सांगितला. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, एवढे होते, तर तीन हिवाळे गळका गीझर कशाला चालवला?"