शिबिराआधी बंद दिवस मोजा

चार वस्त्यांत अभ्यासिका, यादीत 60 कार्यकर्ते, तरी आठवड्यातून दोनदा दाराला कुलूप. मग कार्यकर्त्यांचं शिबिर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. शिबिराचे पैसे तूर्त राखून ठेवा. उद्या कोण येणार हे आदल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं, खरी अडचण ती आहे.

प्रत्येक अभ्यासिकेत एक वही ठेवा. रकाने पाचच: तारीख, कोण येणार होतं, कोण आलं, कुलूप किती वाजता निघालं, मुलं किती. आठ आठवडे नुसती नोंद करा, कुणाला बोल लावू नका. बोल लागायला लागले की वहीत खोटं उतरतं. मग महिन्यातून किमान तीनदा आलेली माणसं मोजा. समजा 22 निघाली. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोघं, म्हणजे एका अभ्यासिकेला दहा जण लागतात. 22 जणांत दोनच नीट चालतात. उरलेल्या दोन थांबवणं जिवावर येईल, पण कुलूप बघून दोनदा परत गेलेलं मूल तिसऱ्यांदा येईलच असं नाही. थांबवताना घरोघरी जाऊन पालकांना सांगा, दारावर चिठ्ठी लावून मोकळे होऊ नका.

खर्चाचा हिशोबही इकडेच येतो. एका अभ्यासिकेचं भाडं आणि शिकवणाऱ्या ताईंचं मानधन मिळून वर्षाला 1,80,000 रुपये धरा, रोजची सरासरी 15 मुलं. 200 दिवस उघडली तर एका मुलामागे दिवसाला 60 रुपये पडतात. 120 दिवसच उघडली तर 100. भाडं बंद दिवसांचंही भरावं लागतं. देणगीदारांपुढे हा आकडा ठेवा.

प्रत्येकाला एकच वार आणि कायमचा जोडीदार द्या. जमणार नसेल तर बदली माणूस ज्याने त्याने शोधायचा. आदल्या रात्री आठपर्यंत ग्रुपवर दोन्ही नावं पडली नाहीत तर समन्वयकाने थेट फोन करावा, मेसेजवर भागवू नये. पालखीच्या मुक्कामाचे दिवस, गणपती आणि कॉलेजच्या सत्र परीक्षा जूनमध्येच वेळापत्रकात मांडा. परीक्षेत विद्यार्थी येणार नाहीत, आणि तो त्यांचा दोष नाही. त्या आठवड्यांसाठी निवृत्त मंडळींना आधीच विचारून ठेवा.

मुलं किती शिकली हे बघायला ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणातल्या वाचनाच्या पातळ्या पुरेत: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. जून, नोव्हेंबर, मार्च अशी तीनदा चाचणी घ्या. दर वेळी उतारा बदला, नाहीतर मुलं पाठ म्हणतात. चाचणी दुसऱ्या अभ्यासिकेतल्या माणसाने घ्यावी. मूल अडलं की त्याची नेहमीची ताई नकळत पहिलं अक्षर पुटपुटते आणि पातळी एक पायरी वर लागते.

आणि मधल्या काळात तुमच्या संस्थेचे विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज 90 दिवसांच्या आत द्या. तो राहिला की खात्यावरच्या सह्या बदलताना बँकेत अडतं, आणि ताईंचं मानधन तिथेच थांबतं.