'निष्कर्षण' की 'वेचणे'?

प्रश्न असा आला आहे: बाजारभावांच्या साध्या मजकुराच्या फायलींतून पायथन या संगणकभाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) तारीख, माल, आवक आणि दर काढून तक्त्यात भरते. तिच्या मराठी माहितीपत्रकात 'संरचित विदेचे निष्कर्षण' (इंग्रजीत 'स्ट्रक्चर्ड डेटा एक्स्ट्रॅक्शन') असं लिहिलं तर चालेल का?

चूक नाही, पण मी लिहिणार नाही. 'निष्कर्ष' म्हटलं की मराठी माणसाला अनुमान आठवतं. स्क्रिप्ट अनुमान काढत नाही, लिहिलेलंच उचलते. 'उतारा' जवळचा वाटतो, सातबाऱ्यामुळे तोंडातही बसलेला आहे. पण उताऱ्यात मूळ मांडणी तशीच राहते आणि इथे मांडणीच बदलायची आहे.

मला 'वेचणे' पटतं. कापूस वेचला की बोंडाची टरफलं झाडावरच राहतात, हाती येतो फक्त कापूस. मूळ फाइलही अशीच जागेवर राहते. 'संरचित विदे'ऐवजी सरळ 'रकानेवार माहिती' म्हणावं. रकाने कोणते, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

वेचण्याआधीच्या पायरीला, म्हणजे पार्सिंगला, तर आपल्याकडे शाळेतलाच शब्द आहे: पदपरिस्फोट. 'व्याकरण चालवा' म्हटलं की आपण प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायचो. इंग्रजी शब्दही व्याकरणाच्या वर्गातूनच आलाय. लॅटिन 'पार्स' म्हणजे भाग. '१२ मार्च, कांदा, ४० क्विंटल, १४५०' या ओळीत स्क्रिप्ट तेच करते: तुकडे पाडते आणि हा दिनांक, हा माल, हा दर, असं ठरवते. पदपरिस्फोट जड वाटला तर संधीची करतो तशी 'फोड' म्हणा. वाक्य होईल: 'स्क्रिप्ट प्रत्येक ओळीची फोड करून रकानेवार माहिती वेचते.'

मात्र 'शब्द वेचते' असं लिहू नका. पायथन देवनागरी अंक नीट ओळखतं. '१४५०' हा मजकूर 'इंट' या आज्ञेला दिला की त्याची संख्या होते. पण मजकुरात नमुने शोधणाऱ्या त्याच्या 'री' मॉड्यूलमध्ये शब्दातल्या अक्षरांसाठी जी बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) ही खूण आहे, तिच्यात आपली वेलांटी आणि अनुस्वार बसत नाहीत. ती खूण लावून 'किंमत' वेचायला गेलात तर हाती 'क' आणि 'मत' असे दोन तुकडे येतात. तिथे शब्दाऐवजी स्वल्पविरामावर फोड करा आणि माहितीपत्रकातही 'स्वल्पविरामांमधला मजकूर' असंच लिहा.