‘तुमच्याच बायकांनी खराब केलं’

घरसफाईची कामं घेणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक काळजी हमखास निघते. ग्राहकाचा फोन येतो, ‘तुमच्या माणसांनी अमुक फोडलं, तमुक खराब केलं.’ पैसे भरले तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं आणि नाही भरले तर सोसायटीच्या ग्रुपवर नाव जातं. दसरा-दिवाळीच्या सफाईनंतर तर हे ठरलेलंच. या काळजीवर मी एक अनुभव सांगते. ज्यांचा आहे त्यांच्या परवानगीनं सांगते आहे, ओळखीच्या खुणा तेवढ्या बदलल्यात.

या ताई पुण्यात घरसफाईचा व्यवसाय करतात. हाताखाली पाच-सहा बायका आणि जड कामाला एक मुलगा. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. फोन वाजला की छातीत धडधडायचं, अनोळखी नंबर तर उचलायच्याच नाहीत. धंदा फोनवर चालतो आणि फोनचीच धास्ती, अशी अवस्था.

खोदून विचारल्यावर कळलं, की वर्षभरात कुणीही काहीही म्हटलं की ताई पैसे देऊन मोकळ्या होत होत्या. मिक्सरचं भांडं, पडद्याची दांडी, फ्रीजवरचा ओरखडा. बघायलाही जायच्या नाहीत. ‘किती झाले काकू? पाठवते.’ नंतर तेच पैसे त्या दिवशी कामावर असलेल्या बाईच्या पगारातून निम्मे कापायच्या. बायका नाराज होत्या, दोघी सोडूनही गेल्या होत्या.

आता आलेला फोन मोठा होता. एका वयस्कर काकूंच्या बाथरूममधल्या बेसिनचा पांढरा संगमरवरी ओटा डागाळला आणि बेसिनलाही तडा गेला, असं काकूंचं म्हणणं होतं. दोन्ही बदलायचे 35,000 रुपये त्या मागत होत्या. ‘तुमच्या मावशींनीच केलंय. माझ्या घरात दुसरं कोण आलंय?’

मी विचारलं, ‘तुम्ही काय म्हणालात?’

‘काही नाही. फोन ठेवून दिला. रडले.’

हे रडणं 35,000 रुपयांचं नव्हतं. पुढच्या बैठकीत ताईंनी सांगितलं, लहानपणी त्या आईबरोबर धुण्याभांड्याला जायच्या. एका घरी चांदीचं निरांजन सापडेना, आळ आईवर आला. आईनं एका शब्दानं वाद घातला नाही. पुढचं-मागचं कुठलंच न बोलता काम सोडलं, राहिलेला महिन्याचा पगारही मागितला नाही. ‘पैसे गेले तरी चालतील, पण त्या दारात उभं राहायला नको,’ हे ताई तिथे शिकल्या आणि आजही तेच करत होत्या. ग्राहक मिक्सरच्या भांड्याबद्दल बोलत असायचा, ताईंना मात्र ‘तू चोर आहेस’ असं ऐकू यायचं. ज्यांनी दुसऱ्याच्या घरी काम केलंय किंवा आईला करताना पाहिलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून ताईंबरोबर माझं पहिलं काम एवढंच होतं, की प्रामाणिकपणाचा प्रश्न त्या ओट्यापासून वेगळा करायचा. डाग आपल्या हातून पडला असला तरी माणूस लबाड ठरत नाही, आणि पडला नसेल तर पैसे देऊन कुणी स्वच्छ होत नाही. ओटा ही वस्तू आहे, ती जाऊन बघता येते. मी त्यांना काकूंना फोनवर म्हणायला एक वाक्य दिलं, तेही इथेच माझ्यासमोर मोठ्यानं म्हणायला लावलं. ‘काकू, ऐकून वाईट वाटलं. उद्या सकाळी मी स्वतः येऊन बघते. तोवर त्यावर काही लावू नका, घासू नका, आणि जमलं तर उजेडात फोटो काढून पाठवा.’ यात कबुलीही नाही आणि नकारही नाही. पहिल्या फोनवर ‘किती झाले’ विचारायचं नाही, ‘आमच्या बायका असं करत नाहीत’ हेही म्हणायचं नाही. पाहण्याआधी दिलेली दोन्ही उत्तरं धास्तीतूनच येतात.

दुसरं काम मावशींशी बोलण्याचं. ‘तू खराब केलंस का?’ या प्रश्नाला पगारकपातीला घाबरलेली बाई ‘नाही’ असंच म्हणणार. म्हणून ताईंना सांगितलं, ग्राहकासमोर विचारायचं नाही, एकटीला गाठायचं, आणि आरोप न करता कामाचं विचारायचं. कोणती बाटली वापरली? ओतून किती वेळ ठेवलं? कशानं घासलं? बाटली कुठे ठेवली होती? शिवाय आधीच शब्द द्यायचा, की खरं सांगितलंस तर पगार कापणार नाही. वेतनाच्या कायद्यातही कामगाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसानीची रक्कम पगारातून कापायला मुभा नाही. ताईंना हे ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं त्यांना.

मावशींनी सगळं नीट सांगितलं. त्या सोसायटीला टँकरचं पाणी, टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर. ते काढायला आम्लाचं बाथरूम क्लीनर वापरलं, आणि बाटली मधूनमधून ओट्यावर ठेवली. ओटा पांढरा, त्यांना वाटलं टाइलच आहे.

दुसऱ्या दिवशी ताई बघायला गेल्या आणि मोबाइलचा टॉर्च ओट्यावर आडवा धरला. वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं, तिरप्या उजेडात मात्र स्पष्ट दिसलं. चकचकीत दगडावर तीन निस्तेज गोल कडी, बाटलीच्या बुडाएवढी. बोट फिरवलं तर तेवढाच भाग किंचित खरखरीत. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि टाइलवरचे पाण्याचे क्षारही बहुतांशी तेच. जे आम्ल क्षार विरघळवतं ते संगमरवराची चकाकीही खाऊन टाकतं. लिंबू, व्हिनेगर यांनीही तेच होतं. हा डाग नसतो, दगडाचा वरचा थरच गेलेला असतो, त्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाही. मात्र नुकसान असं वरवरचं असेल तर पॉलिशवाला मिस्त्री घासून तेवढा भाग पुन्हा चकचकीत करू शकतो, दगड बदलावा लागत नाही.

मग बेसिनचा तडा. तोही ताईंनी जवळून पाहिला. रेघ काळपट होती, आत साबणाचा मळ बसलेला. ताजी चीर स्वच्छ असते, तिच्या कडा धारदार लागतात. सफाईनंतरच्या आठवड्याभरात एवढा मळ आत मुरत नाही.

म्हणजे ओट्यावरची कडी आपली होती, तडा आपला नव्हता. असं अर्धं-अर्धं निघतं तेव्हा माणसं फार गोंधळतात, कारण भांडणात एकच बाजू घ्यायची सवय असते. ताई काकूंना म्हणाल्या, ‘काकू, ही तीन कडी आमच्या बाटलीनं पडलीत. मिस्त्री मी आणते, पॉलिशचा खर्च माझा. तड्यात जुना मळ आहे, हा टॉर्च धरते, तुम्हीच बघा. तो आमच्या कामातला नाही, त्याचे पैसे मी देणार नाही.’ शेवटचं वाक्य म्हणताना आवाज कापला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण म्हणाल्या. काकू रागावल्या, तड्याचं त्यांना पटलंच नाही. पॉलिशला मात्र तयार झाल्या. काम झाल्यावर ताईंनी दोघींत काय ठरलं, किती खर्च कुणी केला, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आणि काकूंचं ‘ठीक आहे’ घेतलं.

हे लिहून घेणं मी मुद्दाम करायला लावलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेत त्रुटी राहिली म्हणून ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्रुटी तक्रारदारानं दाखवावी लागते हे खरं, पण आपल्याकडे काहीच कागद नसेल तर दोन वर्षांनी आठवणीवर बोलावं लागतं. विम्याबद्दलही बायका विचारतात. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा मिळतो, पण ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालू होतं तिचंच नुकसान काही पॉलिसींत वगळलेलं असतं. हप्ता भरण्याआधी एजंटकडून तेवढं लेखी घ्या.

काही गोष्टी आपोआपही फुटतात. शॉवरची टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच, आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर कुणी हात न लावता एके दिवशी चुरा होऊ शकते. म्हणून ‘तुमच्यानंतर फुटलं’ आणि ‘तुमच्यामुळे फुटलं’ यांतलं अंतर ग्राहकाला शांतपणे सांगायला शिकलं पाहिजे.

चोरीचा आरोप मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे भरपाईची भाषाच करू नका. कामवाल्या बाईची पिशवी किंवा अंग तपासायचा ग्राहकाला अधिकार नाही, तसं होऊ देऊ नका. तक्रार करायची तर त्यांनी पोलिसांत करावी, आणि त्या वेळी बाईला एकटं सोडू नका. पैसे देऊन असं प्रकरण मिटवलं तर तो आळ त्या बाईच्या नावावर कायमचा राहतो.

काकूंनी नंतर पुन्हा बोलावलं नाही. ताईंना त्याचं दुःख झालं, आणि ते दुःख आम्ही झटकून टाकलं नाही, त्यावर एक पूर्ण बैठक बोललो. आधी कापलेले पैसे ताईंनी बायकांना दोन हप्त्यांत परत दिले. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. अनोळखी नंबर अजूनही कधीकधी दोनदा वाजू देतात, मग उचलतात.

आता प्रत्येक कामाच्या आदल्या दिवशी त्या ग्राहकाला हा मेसेज पाठवतात. कुणाला हवा तर घ्यावा:

‘नमस्कार. उद्या काम सुरू करण्याआधी आपण मिळून दहा मिनिटं घर बघू. आधीच तुटलेलं, सैल झालेलं, ओरखडे पडलेलं जे असेल त्याचे फोटो काढू आणि तुम्हालाही पाठवू. ओटा, फरशी संगमरवराची असेल तर सांगा, तिथे आम्ही आम्लाचं काही वापरत नाही. दागिने, रोख रक्कम, देव्हाऱ्यातल्या मूर्ती कृपया तुम्हीच आधी काढून ठेवा. काम संपल्यावर निघण्याआधी पुन्हा एकदा सोबत बघू. नंतर काही आढळलं तर दोन दिवसांत कळवा, मी स्वतः येऊन बघेन.’