मीटर ०.९ दाखवतो, मग बल्ब का लागत नाही?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही लिंबाची बॅटरी केली. एका बाजूला खिळा, दुसऱ्या बाजूला तांब्याची तार. मल्टिमीटरवर ०.९ व्होल्ट आले, मग चार लिंबं जोडली तर साडेतीनपर्यंत गेले, पण जुन्या टॉर्चमधला छोटा बल्ब काही केल्या लागत नाही. काय चुकतंय?
– एक पालक, सातारा

उत्तर: बॅटरी मस्त झालीये तुमची, फक्त बल्ब तिला झेपणारा नाहीये. मीटर व्होल्टेज मोजताना करंट जवळजवळ ओढतच नाही त्यामुळे आकडा छान दिसतो, पण त्या तारेच्या बल्बला दोन-तीनशे मिलीअँपिअर लागतात आणि लिंबू देतं जेमतेम एक, बऱ्याचदा तेवढाही नाही. बल्ब तसाच जोडलेला ठेवून परत व्होल्टेज मोजा, आकडा धाडकन खाली आलेला दिसेल, आणि हे प्रदर्शनात नक्की दाखवा कारण पेटलेल्या दिव्यापेक्षा मुलं यातून जास्त शिकतील असं मला मनापासून वाटतं.

आता बल्ब काढा आणि लाल एलईडी लावा. तो १.८ व्होल्टच्या आसपास लागतो आणि अगदी थोड्या करंटवरही अंधुक का होईना दिसतो (पांढरा नको, त्याला तीनच्या आसपास लागतात). लांब पाय तांब्याच्या टोकाला, आखूड पाय खिळ्याच्या टोकाला, उलटा लावला तर लागणार नाही. खिळा तुमचा जस्ताचा मुलामा दिलेला, पत्र्याला मारतात तसला असणार, कारण साध्या लोखंडी खिळ्यावर ०.९ येत नाहीत. लिंबं आधी हाताने दाबून मऊ करून घ्या म्हणजे आतल्या फोडी फुटून रस मोकळा होतो. आणि एकाच लिंबात चार खिळे टोचून व्होल्टेज वाढत नाही बरं का, प्रत्येक जोडीला वेगळं लिंबू हवं, एकाची तार पुढच्याच्या खिळ्याला.

बटाटाही चालतो, तो उकडून घ्या. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की उकडलेला बटाटा कच्च्यापेक्षा दहापटीपर्यंत जास्त पॉवर देतो, कारण त्याचा आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) कमी होतो.

प्रश्न: लिंबातली वीज संपली की त्याचं सरबत केलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको! मुळात वीज लिंबात नसतेच. खिळ्यावरचं जस्त हळूहळू विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात, तीच आपली वीज. लिंबाचा आंबट रस फक्त आतून वाट करून देतो. व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून बॅटरी केली, त्यात लिंबू कुठे होतं? म्हणजे तुमच्या रसात आता जस्त उतरलंय. फेकून द्या.

प्रश्न: लिंबाशिवाय, जास्त जोरात चालणारं काही घरी करता येईल का?

उत्तर: येईल की, आणि मला स्वतःला हेच जास्त आवडतं. अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मिठाच्या एकदम खारट पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर, त्यावर लोणारी कोळशाची पूड (दगडी कोळसा नाही), तीही त्याच पाण्याने ओली केलेली, आणि वर स्टीलचा चमचा घट्ट दाबून धरायचा. कोळसा फॉइलला लागता कामा नये. चमचा प्लस, फॉइल मायनस. कोळशाच्या भोकाभोकांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन इथे कामाला येतो आणि अॅल्युमिनियम खर्ची पडतं, म्हणून खूप वेळ चालवलं की फॉइलला बारीक भोकं पडलेली दिसतात. लिंबापेक्षा करंट कितीतरी जास्त मिळतो, अशा तीन-चार सिरीजमध्ये (एकीचा चमचा पुढचीच्या फॉइलला) जोडल्या की लाल एलईडी चांगला ठळक लागतो, जितकं दाबाल तितका जास्त.

एक मात्र कराच, जस्त किंवा कार्बनची कांडी मिळवायला मुलांना जुने सेल फोडू देऊ नका, आतली रसायनं कातडीला आणि डोळ्यांना वाईट असतात. खिळे-तारा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात.